यंदा बर्फ नाही, बीट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. शिडीवरून पडल्यापासून डावा गुडघा वाकायला तयार नाही, आणि तुझी यादी वाचल्यापासून मीही नाही.) तुझी पाठ कशी आहे? दाजींनी खारट खाणं सोडलं, की नुसतंच लपून खायला लागले? भाचीला सांग, तिच्या खोलीचा रंग मामाने बाजूला काढून ठेवला आहे. माझं उत्तम चाललंय. फोनच केला असता, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला गप्प करतेस, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

तर यादी. वसंताच्या सुट्टीतल्या जेवणाला कोणी कोणतं तोंडी लावणं आणायचं ते तू दरवर्षी ठरवतेस आणि घरच्या ग्रुपवर टाकतेस, आणि मग आपल्या घरात कुणाची चूं करायची हिंमत नसते. थोरल्या वहिनींचे बटाटे, भाचीचे वाटाणे, दाजींची गाजरं (करतेस तू, कौतुक करून घेतात ते). आणि सगळ्यात खाली मी: बर्फ. लागोपाठ तिसऱ्या वर्षी. ताई, बर्फ हे तोंडी लावणं नव्हे. ज्याच्यावर पाण्यापलीकडे काही सोपवायचा भरवसा नसतो, त्याला बर्फ सांगतात. मी छप्पन्न वर्षांचा आहे, चार मजली शाळा आतून-बाहेरून रंगवली आहे, आणि तू मला घरातल्या लहान मुलाचं काम देतेस.

का देतेस तेही मला कळतं. तुझी भावजय गेली त्याच वर्षी यादीतून तिचं दह्यातलं बीटही गेलं. एकोणीस वर्षं ती ते काचेच्या बाउलमधून तुझ्याकडे आणत होती. नाव काढलं तर मला वाईट वाटेल, असं तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवलंत, मला न विचारता. बाउलच्या जागी आता पाण्याचा जग असतो. (दाजींनी एकदा बाउल सरकवताना टेबलक्लॉथवर पाडलेला तो गुलाबी डाग झाकायला. मला दिसत नाही असं समजू नकोस.) मला वाईट वाटतं ते त्या पाण्याच्या जगाकडे बघून. म्हणून यंदा मी बीट आणणार आहे. परवानगी मागत नाही, कळवतो आहे.

आता लोक म्हणतील, याला काय येतं. पहिल्या दिवशी खरंच काही आलं नाही. मी बिटं आधी सोलली आणि मग उकडली, त्यामुळे सगळा रंग पाण्यात उतरला आणि बिटं आजारी दिसायला लागली. ते पाणी ओतताना गुडघ्याने दगा दिला आणि अकरा वर्षांनी मुहूर्त लागून पांढरं केलेलं माझं स्वयंपाकघर कमरेपर्यंत लाल झालं. दुसऱ्यांच्या भिंतींवर एक थेंब न सांडणारा माणूस मी. दुसऱ्या दिवशी मात्र डोकं चालवलं. प्रमाण मला ठाऊक नव्हतं, पण रंग पक्का ठाऊक होता. माझ्या कामाच्या एका शर्टाच्या बाहीवर तिच्या बिटाचा डाग आहे, तो मी धुऊ दिलेला नाही. ती बाही रंगांच्या शेडकार्डाला लावली, रंगाचा नंबर काढला, आणि मग वाटलेल्या बिटात चमचा-चमचा दही घालत कार्डाशी जुळवत गेलो. चौथ्या दिवशी रंग असा जुळला की डोळ्यांत पाणी आलं. मग चव घेतली, तेव्हा परत आलं.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना वाटीभर नेऊन दिलं. त्या एक चमचा चाखून वाटी बाजूला ठेवत म्हणाल्या, “दादा, रंग छान आलाय.” दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन उतरलो तर आतून मशीन चालू असल्याचा आवाज येत होता आणि दार काही उघडलं नाही.

मी हटलो नाही. उरलेलं डब्यात भरून दुपारच्या जेवणाला कामावर नेलं. सध्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम चालू आहे. महिनाभर त्यांना बाहेरच्या खोलीसाठी एक रंग पसंत पडत नव्हता. माझा उघडा डबा खिडकीत बघून त्यांनी त्यात बोट बुडवलं, भिंतीवर ओढलं आणि म्हणाल्या, हाच. हे जेवण आहे असं मी सांगेपर्यंत त्या पुढच्या पेशंटकडे गेल्यासुद्धा. मी काय करणार? नंबर तर माझ्याकडे होताच. ती खोली आता तिच्या बिटाच्या रंगाची झाली आहे. (पेशंट म्हणतात, हिरड्यांसारखा दिसतो. म्हणू देत.) काम संपल्यावर मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसून आलो. दात एकही दुखत नव्हता.

तेव्हा ताई, यादी दुरुस्त कर किंवा करू नकोस, रविवारी मी बाउल घेऊन येणार. पाण्याचा जग तिथून हलवून ठेव. डाग झाकायचा नाही, त्याच्यावरच बाउल ठेवायचा. कुणी खाल्लं नाही तरी चालेल, एकोणीस वर्षं तरी कोण खात होतं? पण माझ्याकडे बघून कुणी आवाज खाली आणायचा नाही.

दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ
(बर्फवाला नव्हे)

ता. क. बर्फही आणतो. फ्रीजमध्ये तयारच आहे. यादीत आहे म्हणून आणतोय असं मात्र कुणी समजू नये.

ता. क. दुसरा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. तिने कृती फक्त तुला सांगितली होती, शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये तू तिच्या उशाशी बसायचीस तेव्हा. व्हिनेगर किती आणि मोहरी वाटून की अख्खी, एवढं रविवारच्या आत लिहून पाठव. मला विचारायचं सुचलं नाही. मला वाटायचं, ती आहेच की करायला.

ता. क. तिसरा. हे कुणाला बोलू नकोस. मला बीट कधीच आवडलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी उगाच ‘बरं झालंय’ असं म्हणून बसलो, तर ती जन्मभर माझ्यासाठी करत राहिली. तरी रविवारी पहिला चमचा माझ्याच ताटात वाढ. आणि दोन वेळा वाढ, ती वाढायची तसं.