तिच्या समाजाच्या मानानं

सौसर, मंगळवार, २ डिसेंबर

अमेरिकेतल्या एमएससीच्या अर्जाला कॉलेजातल्या एका शिक्षकाचं शिफारसपत्र पाहिजे होतं. विभागप्रमुख सरांनी इंग्रजीत हातानं लिहून दिलं, म्हणे टाइप करून आण. टाइप करता करता चौथ्या ओळीत अडकली. 'तिच्या समाजाच्या मानानं मुलगी हुशार आहे.'

मानानं? तिन्ही वर्षं वर्गात पहिली मीच होती. कोणाच्या मानानं?

कागद घेऊन परत गेली. म्हटलं, "सर, एवढी ओळ काढता का?"

"अवं बेटा, तुह्याच फायद्याची आहे. तिकडचे लोक असं वाचून लवकर घेतात."

"मी पहिली आली, ते लिहा ना सर."

"पत्र माझं आहे. पाहिजे तं ने, नाही तं राहू दे."

अन् मी काय केलं? "थँक्यू सर" म्हणून बाहेर आली. काउन म्हटलं मी थँक्यू?

घरी बाबा म्हणाले, "मोठ्या माणसाची सही मिळून राहिली, जाऊ दे." मी त्यांच्यावरच ओरडली. ते उठून गेले.

मग प्रयोगशाळेतल्या मॅडमले फोन केला. त्यांची नोकरी कायम नाही. म्हणाल्या, "माझ्या सहीला वजन नाही गं. पण तुझं काम मी डोळ्यानं पाहिलं. लिहिते."

अर्जातून सरांचं नाव काढलं, मॅडमचं टाकलं. प्रवेश नाही मिळाला तरी चालेल, असं इथं लिहिणार होती. खोटं आहे. नाही चालणार. मले जायचंच आहे.