ऋताचे गाल

७ ऑगस्ट
ऋताच्या जबड्याच्या हाडात पोकळ्या आहेत. दोन्हीकडे! दात हलतो म्हणून पंडरी भागातल्या दाताच्या डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी एक्स-रे दोनदा पाहिला. मग म्हणाले, "गाठी वाटतात. जबड्याचा काही भाग काढावा लागेल."
सहा वर्षांची आहे माझी पोट्टी! ऑटोत विचारते, "मम्मी, दाँत निकालेंगे क्या?"
हो म्हटलं. दुसरं काय सांगू?

८ ऑगस्ट
दिवाकर म्हणतो, "करून टाकू आपल्या पोरीचं ऑपरेशन. वाढल्या गाठी तं?" मी अडून बसले — आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. दोघंही न जेवता उठलो.

१२ ऑगस्ट
डॉ. अपर्णा. मुलांच्या जबड्याचीच ऑपरेशनं करतात. स्कॅन झालं, रक्त घेतलं, आतला बारीक तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. दिवाकरनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "तसं वाटत नाही. पण रिपोर्ट येऊ द्या."
ऋता सुईला रडली नाही. मीच रडले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला पाठवली नाही. शेजारीण म्हणाली, "किती गुटगुटीत गाल!" दार लावून घेतलं.

२१ ऑगस्ट
कॅन्सर नाही!!
चेरुबिझम म्हणतात. हाडाच्या जागी मऊ पेशी वाढतात, म्हणून गाल फुगतात. वयात आल्यावर बहुतेक मुलांचं आपोआप ओसरतं, हाड भरतं. "आत्ता कापलं तर नव्या दातांनाही धक्का लागेल. तपासत राहू."
दिवाकर भडकला. "तोंड फुगत जाईल तिचं, अन् आपण पाहत राहायचं?"
डॉक्टर म्हणाल्या, हे बऱ्याचदा आईबापाकडून येतं. दोघांचेही एक्स-रे काढू. माझा लगेच काढला. साफ. दिवाकर तोवर बाहेर निघून गेला होता. "माह्या घरात असं कोनाले नाही!"
खरंच थांबायचं? की चुकतोय आपण?

२४ ऑगस्ट
बोलणं बंद. ऋता दोघांकडे आळीपाळीनं पाहून राहिली.

२७ ऑगस्ट
दिवाकर एकटाच जाऊन एक्स-रे काढून आला. त्याच्याही जबड्यात, दोन्हीकडे, जुन्या खुणा — भरून आलेल्या. "शाळेत फुग्गा म्हनत मले," एवढंच बोलला. लग्नाला नऊ वर्षं झाली, कधी सांगितलं नव्हतं!
मग ऋताला आरशासमोर घेऊन बसला. "पापा के भी ऐसे ही थे."
"फिर?"
त्यानं आपला गाल तिच्या हातात दिला.