‘कधी’ एवढाच उपप्रश्न

नाना, ज्या कृपेने जिभेला प्रश्न सुचतो आणि कानाला उत्तर ऐकण्याचा धीर येतो, तिला नमस्कार करून आज या पत्रातून आपल्याशी बोलतो आहे. विषय जुनाच: येरवड्याच्या टेकडीवरच्या वस्तीचे पाणी, आणि विधानसभेतली ती सकाळ.

शनिवार पेठेतल्या शाळेत संस्कृत शिकवता शिकवता आपण आमदार झालात. शिष्याने समिधा घेऊन गुरूकडे जावे, नम्रपणे विचारावे आणि मिळेल त्या उत्तरावर मनन करावे, असे आपण आम्हा विद्यार्थ्यांना सांगत असा. तीच रीत आपण सभागृहात नेलीत. त्या सकाळी मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो आहे. आपला प्रश्न पुकारला जातो: वस्तीला नळ नाहीत हे खरे आहे काय, असल्यास शासनाने काय केले? मंत्र्यांचे उत्तर छापून सर्वांपुढे आलेलेच आहे. होय, हे खरे आहे. योजनेच्या मंजुरीची कार्यवाही सुरू आहे. आता उठून उपप्रश्न विचारायचा, मंत्र्यांना तारखेपर्यंत ओढत आणायचे, त्यासाठीच प्रश्नोत्तरांचा तास असतो. आपण उठता, हात जोडता, ‘धन्यवाद, अध्यक्ष महाराज’ म्हणता आणि खाली बसता. पुढचा प्रश्न पुकारला जातो. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘गुरुजी, प्रश्नाला आलात की सत्यनारायणाला?’ सभागृह हसते. आपणही हसता.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, ‘नाना, कधी ते तरी विचारायचं!’ आपण शांतपणे म्हणालात, ‘अरे, भर सभेत शब्द दिलाय त्यांनी. पुन्हा विचारणं म्हणजे त्यांना खोटं ठरवणं.’

ज्या बाईंनी वस्तीचे गाऱ्हाणे आपल्याकडे आणले होते, त्या दुसऱ्याच दिवशी दारात उभ्या राहिल्या. ‘मंत्री हो म्हनला?’

‘म्हणाले.’

‘कवा, ते इचारलं का?’

आपण त्यांना बसायला पाट पुढे केलात.

‘बरं हाय. तवर हंडा तुमच्याच दारात ठिवते मग.’

पुढच्या अधिवेशनात आपण तोच प्रश्न पुन्हा दिलात. यादीत तो इतका खाली लागला की तिथवर पोचण्याआधीच तास संपला. मग निवडणूक आली, आपण हरलात. शेवटच्या आजारपणात एका दुपारी आपण मला विचारलेत, ‘वस्तीत अजून टँकरच का रे?’ मी ‘हो’ म्हणालो. आपण भिंतीकडे कूस वळवलीत आणि पुटपुटलात, ‘कधी, एवढंच तर विचारायचं होतं.’

आज सकाळी पूजा आटोपून मी मोबाइलवर विधानसभेचे कामकाज पाहत होतो. त्याच टेकडीच्या वरच्या गल्ल्यांना अजून नळ नाहीत, त्यावर एक तरुण आमदार बाई विचारत होत्या. मंत्री म्हणाले, ‘लवकरच.’ त्या म्हणाल्या, ‘लवकरच म्हणजे कोणता महिना, अध्यक्ष महोदय?’ अध्यक्षांनी बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. अखेर मंत्र्यांना ‘दिवाळीच्या आत’ म्हणावे लागले.

हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून सांगतो. त्या उभ्या होत्या तेव्हा, नाना, मला मनातून वाटत होते की त्यांनी खाली बसावे. त्या बसल्या असत्या, तर आपले चुकले नव्हते असे मला आणखी काही वर्षे मानता आले असते.

हे ज्यांच्या दृष्टीस पडेल त्या सर्वांचे कल्याण होवो. त्यांच्या दारी पाणी येवो, आणि ते येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणारे कोणीतरी त्यांना लाभो.