बिब्ब्याचे डाग आणि आतली हवा

उस्मानाबाद, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९४६

अणदूरच्या चंद्राबाईचं आतडं न कापताच आम्ही पोट शिवलं. बरोबर केलं का?

यकृतावर बोटांनी ठोकलं की पोकळ आवाज येत होता, म्हणजे आतड्याबाहेर हवा. हात लावला की ती पोट ताठ करायची. आमचे सर्जनसाहेब म्हणाले, आतडं फुटलंय. मी म्हणाले, पोटदुखीवर उपाय म्हणून हिच्या सासूनं पोटावर दिलेले बिब्ब्याचे डाग दुखतायत. डागांबाहेर पोट मऊ आहे; आतडं फुटलं असतं तर सगळंच ताठलं असतं.

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"दोघंही, साहेब."

पोट उघडलं. भोक कुठंच नाही. आतड्याच्या भिंतीत मात्र बोराएवढे फोड, घोसाघोसानं. साहेब तेवढा भाग कापायला निघाले. मी एक फोड सुईनं टोचला. नुसती हवा निघाली, घाण नाही; बाहेरची हवाही असाच एखादा फोड फुटून आलेली असणार. आतडं गुलाबी, म्हणजे जिवंत. असे फोड फक्त पुस्तकात वाचले होते. साहेब थांबले.

"कापत नाही. जबाबदारी तुमची."

पोट मऊ होतं, एवढं नक्की. पण उद्या ताप चढला तर? कुजका भाग मी आतच ठेवला असेल तर?

बाहेर चंद्राबाईच्या सासूबाईंनी गाठलं. "काय निघालं वो, डाक्टरीणबाई?"

"हवा."

"निस्ती हवाच व्हती, तर फाडलं कशाला?"

 चंद्राबाई वाचली तर याचं उत्तर देईन.