मळ्यातली वळकटी

सिंधू,

मळ्यातली वळकटी घरी आणून अंगणात उन्हाला टाकलीय. बिबट्या फिरतोय तरी हा मळ्यात एकटा झोपतो, म्हणून गावानं माझं लई कौतुक केलं. खरं सांगतो, मी बिबट्याला नाय, तुझ्याजवळ यायला भीत व्हतो. जवळ आलो की अंगातला ताठपणा टिकतच नव्हता. जुन्नरच्या डॉक्टरनं तंबाखू सोडवली अन् लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळून सोडायला शिकवलं. ओट्यावर डोळे मिटून बसलो की तू विचारायचीस, "जप चाललाय का?" तोच तो जप! काल रात्री पावला. सकाळी चहात तू दोनदा साखर घातलीस, मी तो गोड मानून प्यालो.

पेढे घेऊन डॉक्टरकडे चाललोय. मळ्यात आता बिबट्यालाच झोपू दे.

सोपान