ओल्या हातानं उघडणारा चाकू

शिरूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

सारिकावहिनी,

हरिबाचा नमस्कार. आप्पांच्या पाया पडतो म्हणून सांगा. इकडं ठीक हाय. तुमच्या जावेचा, प्रगतीचा, खोकला हटत न्हाई, एवढंच. मला या आठवड्यात सेकंड शिफ्ट हाय, सकाळ मोकळी असती, म्हणून गच्चीवर उन्हाला बसून लिहितोय. हल्ली कामावरून आलो काय आन् झोपून उठलो काय, अंग सारखंच जड असतं.

तुमचा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. दोन वर्षांत पहिला. "भावजी, मीच जाळं टाकायला जातेय आता. घडीचा चाकू घ्यायचाय, गंज न धरणारा. कुठला घेऊ?" मी उत्तर दिलं न्हाई, रागावला असाल. फोन लावायला तीनदा नंबर काढला. पण फोनवर माणूस अडला की समोरचं हॅलो हॅलो करतं, मग भलतंच काहीतरी बोलून सुटका करून घ्यावी लागती. म्हणून कागद घेतला. हा चाकूच्या डब्यातच ठेवतोय.

दादाची होडी विकली न्हाई हे गावाकडून कळलं होतं. तुम्ही स्वतः भीमेवर जाता हे न्हवतं माहीत. जाळ्याला चिलापी तरी बरी लागतीय का? जलपर्णी यंदा कुठपर्यंत आलीय?

आधी चाकूचं सांगतो.

आमच्या कंपनीत स्टोअरला सत्यजीत म्हणून हाय, त्याला लोखंड-पोलादातलं कळतं. तो म्हणाला, स्टेनलेस सगळ्यांवरच छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. चुंबक लावूनही कळत न्हाई, चांगल्या पात्यालाही चुंबक चिकटतो. मग मी तीन चाकू आणले आन् मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून गच्चीवर ठेवले. आठ दिवस. प्रगती म्हणाली, "हे काय लोणचं घातलंय?"

एक काळ्या रंगाचा होता. रंग जिथं खरचटला तिथनं तांबेरला. दुसऱ्याचं पातं आठव्या दिवशीही आरशासारखं होतं. मला तोच आवडला होता. पण उघडला तर बिजागरीतनं तांबडं पाणी गळलं. आतला खिळा आन् स्प्रिंग साध्या लोखंडाची. तेवढं ध्यानात ठेवा वहिनी, पातं बघून चाकू घ्यायचा न्हाई. दुकानदार पातंच दाखवतो.

तिसरा पाठवतोय. त्याचं पातं, खिळा, स्प्रिंग, काहीच गंजलं न्हाई. मूठ भगव्या प्लास्टिकची हाय, चिखलात पडली तरी दिसंल, आन् मधनं मोकळी हाय म्हणून गाळ धुऊन जातो. टोक मुद्दाम बोथट हाय, होडी हलली तर अंगात घुसणार न्हाई. अर्ध्या पात्याला करवतीसारखे दात हायेत, जाळ्याची नायलॉनची तंगूस एका ओढीत तुटती. सत्यजीत म्हणतो असल्या पात्याची धार लवकर जाती. जाऊ द्या. धार दगडावर परत आणता येती.

दोरी बांधून कमरेला अडकवा, होडीला न्हाई. घरी आल्यावर स्वच्छ पाण्यानं धुवा, पुसा, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, ते चिकट होतं.

पात्याला जे भोक हाय त्यात अंगठा घालून ढकललं की उघडतो, नख लागत न्हाई. हात ओले करून उघडून बघा. साबणाच्या हातानं बघा. नुसत्या डाव्या हातानं बघा. वीस वेळा, पन्नास वेळा. दरवेळी उघडत न्हाई तोवर नदीवर जाऊ नका.

डाव्या हातानं का, ते सांगायचं राहिलंय. दोन वर्षं राहिलंय.

मी पोलिसांना, आप्पांना, तुम्हाला, सगळ्यांना सांगितलं की चाकू पाण्यात पडला. तो पडला न्हवता.

त्या सकाळी जाळं जलपर्णीत गुंतलं म्हणून ज्योतिबादादा वाकला आन् तोल जाऊन पाण्यात गेला. मी हसलो. तो बी हसला. मग म्हणाला, "हरी, पाय गुंतलाय." जाळ्याला खाली दगड बांधलेले, ते त्याला ओढत होते. तो जितके पाय झाडायचा तितकी तंगूस आवळायची. मी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, "चाकू काढ."

मी डाव्या हातानं खिशातनं काढला. तोच, माझा जुना. महिनाभर तो मला सांगत होता, हा टाकून दे, नवा घे. मी म्हणायचो चालतंय. एका हातानं उघडंना. दातात धरला, उघडंना. बिजागरी गंजानं धरली होती. त्याचं तोंड पाण्याच्या वर होतं वहिनी, तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं दोन्ही हात लावले तर क्षणात उघडंल. म्हणून मी त्याचं मनगट सोडलं.

मी सोडलं. ते निसटलं न्हाई.

दोन्ही हातांनी बी उघडला न्हाई. नख उखडलं. वर बघितलं तर तो न्हवता. मी उडी टाकली, हातानंच तंगूस तोडत बसलो, पुढचं तुम्हाला माहीत हाय.

आठ दिवसांनी घरी त्या चाकूत मी तेल सोडलं. दोन मिनिटांत उघडला.

अजून एक हाय. लोक विचारायला लागले की लहानपणापासून पोहणारा माणूस बुडंल कसा. आदल्या दिवशी कुरकुंभला लग्न होतं, तिथं प्याला असंल, असं कुणीतरी बोललं. मी तिथंच उभा होतो. त्यानं लग्नात सरबत सोडून काही घेतलं न्हवतं, सकाळी माझ्याबरोबर कोरा चहा घेऊन होडीत बसला होता. मी गप्प बसलो. माझ्यावरचं टळत होतं म्हणून गप्प बसलो. आप्पांनी ते ऐकलं, आन् त्या दिवसापासून पोराचं नाव घेणं सोडलं, हे बी मी बघितलं. महिन्यात मी शिरूरला निघून आलो. कंपनीत काम लागलं म्हणून आलो असं सगळ्यांना सांगितलं. आप्पांसमोर बसून जेवता येईना म्हणून आलो.

माफी मागायला लिहीत न्हाई. मागायला तोंड न्हाई. तुम्ही पाण्यावर जाताय, तर हे ठाऊक असल्याशिवाय जाऊ नये, एवढंच.

ज्यानं हात सोडला तो,
हरिबा


खानोटा,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

भावजी,

डबा सोमवारी मिळाला. पत्र दोनदा वाचलं. तीन दिवस नदीवर गेले न्हाई, आज गेले.

चाकू चांगला हाय. डाव्या हातानं उघडतो.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार न्हाई, ते खोटं होईल. पुढं होईल का ते बी सांगता येत न्हाई. पण एक ऐका. दोन वर्षं मी त्यांच्यावर रागावलेली होते. प्यायले आन् गेले, माझा विचार केला न्हाई, म्हणून. रडायला बसले की तो राग मधी यायचा आन् रडू थांबायचं. फोटोला हार सुद्धा रागानंच घालायची. सोमवारी रात्रभर मी त्यांची माफी मागितली. तुम्ही माझे नवऱ्यासाठी रडायचे दिवस नेलेत भावजी. हात सुटला ते मी समजू शकते. तुम्ही गप्प बसलात ते समजत न्हाई.

आप्पांना पत्र वाचून दाखवलं न्हाई. ते माझं काम न्हाई.

रविवारी, दोन मार्चला, या. दौंडवरून दहाची गाडी असती. आप्पा दुपारचं जेवून लिंबाखाली बसत्यात. मी होडीवर असेन, मुद्दाम. तुम्ही एकट्यानं बोला, आन् आधी तुमचे दादा प्यायले न्हवते हे सांगा, बाकीचं मागनं.

सांगून झालं की लगेच उठू नका. हल्ली ते लवकर बोलत न्हाईत, नुसतं जमिनीकडं बघत बसत्यात. बऱ्याच वेळानं बोलत्यात. काय बोलतील ते मला माहीत न्हाई. पण जवा बोलतील, तवा समोर तुम्हीच पाहिजे.

जेवण झाकून ठेवीन.

सारिका