कोपरामागची चार बोटं

अण्णा, आज पुण्याहून इथे नोकरीला आलेला एक कॉम्प्युटरवाला बाप आपल्या मुलीसाठी गळाची काठी करून मागायला आला होता. पोरगी शेजारी उभी, पुढचे दात पडलेले. रीळ बसतं तिथे मी तिला काठी धरायला लावली आणि तिथून मागे कोपरापर्यंत काठीच्या मुठीचं माप घेतलं, तुम्ही घ्यायचात तस्संच. तो म्हणाला, "मॅडम, जरा लांबच ठेवा, वाढतं अंग आहे." माझा आवाज एकदम चढला. "नक्को! आज आहे तेवढ्याच हाताला करायची." बिचारा दचकला. मी खरं कोणाशी भांडत होते, हे त्याला काय माहीत.

तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही ऑफिसचे कपडे बदलायच्या आत गिऱ्हाईक हजर असायचं. आपल्या घरात मासा कधी शिजला नाही, तुम्ही पकडलेलाही पाण्यात सोडून यायचात, पण काठ्या करून घ्यायला लोक पार अंबरपेठहून यायचे. "हाथ सीधा करो मियाँ, अकडो नक्को," म्हणत तुम्ही प्रत्येकाचं कोपर चाचपायचात. बांधावरून दोन्ही हातांनी लांब फेकणाऱ्याला मूठ लांब, एका हाताने फेकणाऱ्याला आखूड. जास्त झाली की कापून मोकळे. फक्त माझ्याच काठीला तुम्ही करवत लावली नाहीत. फ्रॉकला खाली दुमड ठेवतात तशी माझ्या मुठीला वाढ ठेवलीत. ती कोपरामागे चार बोटं जायची, फेकताना फ्रॉकमध्ये अडकायची, बरगडीत टोचायची. आई म्हणायची, "अहो, परक्यांची कापता, पोरीची कापून द्या की." तुमचं उत्तर ठरलेलं. "कापायला काय लागतं? कापलेली परत वाढते का? हात पुरू दे तिचा, मग गंडीपेठच्या तळ्यावर नेतो तिला." तोवर माझं गळ फेकणं अंगणातल्या बादलीपुरतंच.

खंडेनवमीची सकाळ. तुम्ही करवत, कानस, रिळं पुजायला मांडता, शेजारी माझी काठी. हळदकुंकू लागलं की ती मला धरायला लावता. कोपर टोकाला पोचावं म्हणून मी श्वास रोखून खांदा मागे खेचते. तुम्ही मिशीत हसता आणि म्हणता, "पुढच्या दसऱ्याला, बघ." मी नववीत असताना मात्र दसऱ्याआधीच तुम्ही गेलात. ऑफिसमधून आलात, छातीत कळ येते म्हणालात, आणि आईने पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मला तुमचा राग येतो, अण्णा. गावभरचे हात ओळखणाऱ्या माणसाला आपली पोर ठेंगण्या आईवर गेलीय, एवढं दिसू नये? माझा हात तेवढाच राहिला हो. तुम्ही चार बोटांची वाट बघत बसलात आणि आपले सगळे रविवार त्यात गेले.

त्या बापाला मी शेवटी नीट सांगितलं, "वाढली की आणा, दुसरी करून देईन. पण येत्या रविवारी हिला घेऊन जा." पोरगी उड्या मारत गेली. तेव्हापासून हे लिहीत बसलेय, टाकायचं कुठे ते ठाऊक नसताना. समोर भिंतीला माझी काठी टेकलेली आहे, चार बोटं लांब, तशीच. गिऱ्हाइकं मला विचारतात, गंडीपेठला कुठल्या बाजूला बसावं. मी ऐकलेलं काहीतरी सांगते. मी अजून एकदाही तिथे गेलेले नाही. तुम्ही नेणार होतात ना.